टाकायची चार झाडे

सप्टेंबर लागला की आमच्या पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात दोन बागायतदार कुठेही भेटोत, बोलणे एकच: गोडी छाटणी कधी धरायची. लवकर धरली तर परतीचा पाऊस बागेला पोंग्यात गाठतो, उशीर केला तर भाव हातचा जातो. ऐन त्या धांदलीत बाग मुलाच्या हवाली करून मी मिनेसोटात लेकीच्या दारात फतकल मारून बसले होते आणि तिच्या लॉनमध्ये दूर्वा शोधत होते.

त्या वर्षी अधिक श्रावण आलेला, म्हणून गणपती थेट १९ सप्टेंबरला बसले. मूर्ती लेकीने स्वतः मातीची केली होती, मोदकाची पिठी इंडियन स्टोअरची. अडले ते दूर्वांवर. दूर्वा म्हणजे आमची हरळी. वर्षभर तिला शिव्या घालायच्या, खणून खणून मुळ्या बांधावर वाळत टाकायच्या, आणि भाद्रपदात तिच्याच एकवीस पात्यांची जुडी बांधून देवाच्या माथ्यावर ठेवायची! लेक म्हणाली, “आई, लॉनमधलंच काढ ना, बाप्पा काही म्हणत नाही.” पण त्या गवताला ना पेरे, ना तीन पानांचा तुरा. मऊ, सरळ, नुकत्या विंचरलेल्या केसांसारखे.

संध्याकाळी आरतीला चार मराठी घरे जमली. त्यात राहुरीहून एम.एस्सी. करून इथे पीएच.डी.ला आलेला एक मुलगा होता. माझी जुडी बघून तो हसला. “काकू, हरळी इथं हिवाळा काढत नाही. हे केंटकी ब्लूग्रास आहे. मी गवतावरच काम करतो, येता का बघायला?”

गवतावर पीएच.डी.! आमच्या गावात हे सांगितले असते तर पारावर आठवडाभर पुरले असते. मी लगेच हो म्हटले.

मिनेसोटा विद्यापीठ १८५१ सालचे. पुढे १८६२ला अमेरिकेत कायदा झाला, त्यात राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवायची असे ठरले. हे विद्यापीठ त्याच कुळातले. थोरला कॅम्पस मिनियापोलिसमध्ये मिसिसिपीच्या काठी, आणि शेतीचा धाकटा सेंट पॉलच्या अंगाला. त्याचे नाव पूर्वी नुसते ‘युनिव्हर्सिटी फार्म’ असे होते. भिंतीला भिंत लावून राज्याच्या जत्रेचे मैदान आहे. जत्रा नुकतीच उठली होती, त्यामुळे तिकडे सामसूम. आत शिरताच एका इमारतीवर बोरलॉग यांचे नाव दिसले. नॉर्मन बोरलॉग इथलेच विद्यार्थी, त्यांना १९४२ साली इथे डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे १९६६ साली भारताने आणले. त्या गव्हाच्या पोळ्या खाऊन मोठ्या झालेल्या पिढीतली मी, दारासमोर क्षणभर थांबले. त्या मुलाला त्याचे काही विशेष नव्हते, तो रोज तिथून सायकल काढतो.

गवताचे प्लॉट लांबून पाहिले तर कुणी गोधडी वाळत घातलीय असे वाटते. दीड-दोन मीटरचे चौकोन, प्रत्येकाची हिरवाई वेगळी. एक काळसर, एक पोपटी, एकात पिवळी झाक, एक मधोमध मेलेला. मुलगा हातात टॅबलेट घेऊन चौकोनासमोर दोन-दोन सेकंद थांबायचा आणि आकडा टाकून पुढे व्हायचा. अमेरिकेत गवताला एक ते नऊ असे गुण देतात. नऊ म्हणजे उत्तम, एक म्हणजे मेले. सहाला पास. “यंत्रानंही मोजतो आम्ही, पण अजून डोळाच चालतो. तुम्ही द्या बघू.”

मी गर्द, दाट चौकोन बघून नऊ दिले. त्याने मान डोलावली, मग शेजारी बोट दाखवले. तिथले गवत जरा विरळ, निळसर, सुईसारख्या बारीक पात्यांचे आणि एका बाजूला लवलेले. मी पाच म्हटले, तो सहा म्हणाला. “काकू, तुमच्या नऊवाल्याला खत आहे, पाणी आहे, आठवड्याला कापणी आहे. या सहावाल्याला उन्हाळाभर काहीच दिलेलं नाही.” ते फाइन फेस्क्यू. वर्षातून एक-दोनदा कापले तरी चालते, सावलीत वाढते, नत्र मागत नाही. गेली काही वर्षे इथल्या गवत-संशोधकांचा जीव त्यातच गुंतला आहे. मला आमच्या बागेतल्या दोन प्लॉटांची आठवण झाली. एकावर आम्ही पैसा ओततो आणि त्याच्या हिरवेपणाची फुशारकी मारतो. दुसरा हलक्या रानातला, कुणी त्याचे नाव काढत नाही, आणि हिशोबाच्या वहीत दरवर्षी तोच पुढे असतो.

इथे गवताचा खरा वैरी हिवाळा. ‘थंडी’ म्हणून आपण जी स्वेटरात घालवतो ती नव्हे. या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात, ते उडून कडेच्या गवतावर बसते आणि वसंतात रस्त्यालगतचा सगळा पट्टा जळालेला निघतो. म्हणून विद्यापीठात मीठ सोसणाऱ्या गवतांची मिश्रणे लावून पाहतात. शिवाय बर्फाच्या थराखाली बुरशी वाढते, ‘स्नो मोल्ड’. बर्फ उतरले की लॉनवर राखाडी, गुलाबी चकंदळे दिसतात. डावणी आणि भुरी ही आमची पावसाळी आणि हिवाळी दुखणी, पण बर्फाच्या पांघरुणाखालीही बुरशी सुखाने नांदते हे मला नवीन होते.

सगळ्यात आवडला तो मधमाश्यांचा प्लॉट. फेस्क्यूत पांढरा क्लोव्हर, सेल्फ-हील आणि रांगते थाइम पेरलेले. शेवटची दोन्ही आपल्या तुळशीच्या कुळातली, आणि क्लोव्हर म्हणजे बरसीम घासाचा सख्खा भाऊ. त्यामुळे मुळांवर गाठी, हवेतला नत्र फुकट. मिनियापोलिसच्या बागांतून अशा फुलत्या लॉनवर पन्नासहून अधिक जातींच्या मधमाश्या विद्यापीठाच्या लोकांनी मोजल्या आहेत. २०१९ पासून राज्य सरकार घरमालकांना असे लॉन लावायला पैसे देते. त्याच वर्षी एका भुंगामाशीला राज्यमाशीचा मानही मिळाला. तिच्या पाठीवर गंजासारखा ठिपका असतो आणि ती नष्ट होऊ घातलेल्या जातींच्या यादीत २०१७ पासून आहे.

गंमत पुढेच आहे. क्लोव्हर हे अमेरिकेत पूर्वी लॉनच्या बियाण्यातच मिसळून विकत. दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी आले. ते अरुंद पानाच्या गवताला सोडते आणि रुंद पानाचे सगळे मारते. औषध क्लोव्हरला मारते म्हणताच क्लोव्हरच तण ठरले! टू-फोर-डी आमच्या ओळखीचे. शेजारच्या उसात ते मारले आणि वारे आमच्या बाजूचे असले की वेलीची कोवळी पाने पंख्यासारखी आखडून येतात, आणि मग बांधावर जी भांडणे होतात ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

काचघरे तिथून चालत पाच मिनिटांवर. आपले पॉलिहाऊस उन्हाची धग कमी करायला, वारा-पाऊस अडवायला. यांचे काचघर उष्णता कोंडायला. डिसेंबरात इथे सूर्य पावणेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणून वर दिव्यांच्या रांगा. आत दमट मातीचा तोच वास, जो आमच्याकडच्या कुठल्याही रोपवाटिकेत येतो. चष्म्यावर वाफ धरली. बाकांवर पॉइनसेटियाची रोपे होती, अजून हिरवीगार. हे मेक्सिकोचे झाड रात्री लांबल्या की पाने लाल करते, नाताळात घरोघरी ठेवतात. कुंडीतल्या फुलझाडाचा प्रश्न उंचीचा. लांबलचक, वाकलेले झाड कुणी घेत नाही. “मग बुटकं ठेवायला काय मारता?” असे मी विचारले. उत्तरात जे नाव आले ते ऐकून मी चमकले. क्लोरमेक्वाट. म्हणजे आमचे सीसीसी, लिहोसिन! खरड छाटणीनंतर काडीचा शेंडा आवरायला आम्ही तेच मारायचो. २०१० साली त्याच्याच अंशापायी आमच्याकडची निर्यात युरोपात अडली. कंटेनर तिकडे पोचलेले, पैसे कुणाकडून मागायचे ठाऊक नाही, आणि गावात दोन वर्षे कुणाच्या घरी लग्नाचा मांडव मोठा पडला नाही.

त्या औषधाला इथे एक फुकटची तोड आहे, तिचे नाव ‘डिफ’. दिवसाच्या तापमानातून रात्रीचे वजा केले की जो आकडा येतो तो. १९८०च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉयल हाइन्स आणि त्यांचे विद्यार्थी जॉन अर्विन यांनी लिलीवर काम करताना दाखवले की रोपाची उंची या फरकावर हलते. दिवस रात्रीपेक्षा बराच उबदार असला तर कांडी लांबते, दोन्ही सारखे ठेवले तर आखूड राहते, आणि दिवस रात्रीहून थंड ठेवला तर आणखी आखूड. पुढे तर दिसले की दिवसभर थंड ठेवायचीही गरज नाही. उजाडण्याच्या सुमारास दोन-तीन तास गार झुळूक दिली तरी झाड फसते. अर्विन नंतर अनेक वर्षे याच सेंट पॉलला होते. मी त्या मुलाला तीनदा विचारून खात्री केली. फक्त पहाटे खिडक्या उघडायच्या? फक्त पहाटे खिडक्या उघडायच्या. उघड्या रानातल्या बागेला याचा काडीचा उपयोग नाही, हे मला तेव्हाही कळत होते. तरी रात्री झोप लागेना.

ईस्टरच्या लिलीची तऱ्हा आणखी वेगळी. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येतो, आणि फूल त्या रविवारी उमललेलेच हवे. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. म्हणून उत्पादक एखादे रोप कापून त्याच्या आतली न उलगडलेली पाने सुईने मोजतात, दिवसाला किती पाने उलगडायला हवीत याचा हिशोब काढतात आणि त्याप्रमाणे काचघर तापवतात किंवा निववतात. दसऱ्याचा झेंडू लावणाऱ्या आमच्या माणसाला हे लगेच कळेल. अधिक मास आला की त्याचीही गणिते महिनाभर सरकतात. फक्त त्याच्याकडे काचघर नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही पश्चिमेला एक्सेलसिअरकडे निघालो. लेक, जावई, नात, तो मुलगा आणि मी. मिनेटोंका सरोवर अर्धा तास खिडकीत येत-जात राहते. मेपल नुकते लाल होऊ लागले होते. याच सरोवराकाठी १८५३ साली पीटर गिडियन नावाचा माणूस येऊन राहिला आणि सफरचंदाच्या मागे लागला. वर्षानुवर्षे लावलेली झाडे हिवाळ्याने नेली. म्हणतात की हातात शेवटचे आठ डॉलर उरले असताना, अंगात कोट नसताना, त्याने ते पैसे बियाण्यासाठी मेन राज्यात पाठवले आणि जुन्या दोन बंड्या जोडून हिवाळा काढला. त्या बियांतल्या एका झाडाला १८६०च्या दशकात फळ धरले. त्याचे नाव ‘वेल्दी’. श्रीमंती आली म्हणून नव्हे. त्याच्या बायकोचे माहेरचे नावच वेल्दी! जावयाने ही गोष्ट गाडी चालवता चालवता सांगितली. लेक म्हणाली, “कोट विकत न घेता बियाणं घेणारा नवरा. बिचारी वेल्दी.”

विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र तिथून जवळ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने इथे जमीन घेतली तेव्हा नावच होते ‘फ्रूट ब्रीडिंग फार्म’. आज ते शेजारच्या मोठ्या वनस्पतिउद्यानाचा भाग आहे. आधी परवानगी काढलेली असल्यामुळे केंद्रातले एक गृहस्थ आम्हाला फिरवायला आले. डोक्यावर टोपी, खिशात चाकू, बूट चिखलाचे. मला पटकन आपले वाटले.

मी आधी द्राक्षाकडे ओढून नेले सगळ्यांना. मांडव नाही, वायची रचना नाही. तारांवर साधे कुंपण केल्यासारखे वेल. घड आमच्या थॉमसनच्या मानाने खेळण्यातले, मणी वाटाण्याएवढे, काळे. खुंटावर कलम नाही, वेल स्वतःच्या मुळावर. आम्ही खाऱ्या पाण्यापायी डॉगरिजच्या खुंटावर कलमे बांधतो. तो खुंट अमेरिकेच्या रानद्राक्षाचा, आणि इथल्या जाती थंडीपायी त्याच खंडाच्या दुसऱ्या रानद्राक्षाच्या रक्ताच्या. नदीकाठी झाडांवर चढणारे ‘रिपारिया’ घेऊन त्याचा फ्रेंच संकरित जातीशी संकर केला, आणि १९९६ साली ‘फ्रॉन्टेनॅक’ आले. उणे ३० अंशांपर्यंत उघड्यावर उभे राहते. २००६ला ‘मार्केट’, ज्याच्या आज्यापणज्यांत पिनो न्वार आहे. २०१७ला ‘इटास्का’. मी एक मणी तोंडात टाकला. आंबट म्हणजे किती? कवठाची चटणी खाल्ल्यावर जसा एक डोळा मिटतो तसा. रानद्राक्षाने थंडी दिली, पण आंबटपणाही दिला. तो कमी करण्यात या लोकांची पंचवीस वर्षे गेली आणि इटास्का त्यातूनच आले.

“छाटणी वर्षातून किती?” मी विचारले. एकच, हिवाळा सरताना. ते म्हणाले, तुमची? मी म्हटले दोन. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी. आमचा वेल झोपतच नाही, म्हणून त्याला दोनदा उठवावे लागते. मुलाने ते इंग्रजीत सांगितल्यावर गृहस्थ थांबले आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतले. तेवढ्यावर माझा दिवस वसूल.

मग सफरचंदे. ओळीच ओळी, झाडे बुटकी, प्रत्येकाला अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर आकडा. एकही झाड दुसऱ्यासारखे नाही. सफरचंदाचे बी लावले की आईसारखे फळ येत नाही, आपल्या रायवळ आंब्याचेच गणित. शिवाय स्वतःच्या परागाने ते फळत नाही, दुसरी जात लागतेच. म्हणून मे महिन्यात फुले उमलायच्या आत पाकळ्या काढायच्या, ठरलेल्या बापाचा पराग बोटाने किंवा कुंचल्याने लावायचा, सप्टेंबरात फळ काढून बिया घ्यायच्या, थंडीत ठेवून उगवायच्या आणि रानात लावून चार-पाच वर्षे वाट पाहायची. मग झाड पहिले फळ देते आणि माणूस ते चावतो.

इथले डेव्हिड बेडफोर्ड १९७९ पासून हेच करत आले. हंगामात दिवसाला काही शे सफरचंदे चावून थुंकायची. बहुतेक झाडांचा निकाल एका घासात, टाका. त्यांच्या अंदाजाने दहा हजारांत एखादे झाड जात म्हणून बाहेर पडते, आणि त्याला वीस-तीस वर्षे लागतात. आम्हालाही ओळीतली फळे चावायला दिली. पहिले चिंचेसारखे. दुसरे दिसायला दागिना, चव कच्च्या बटाट्याची. तिसरे गोड, पण साल चामड्यासारखी, दाढेत अडकली. चौथे मला चांगले वाटले, नातीलाही. गृहस्थांनी एक घास घेतला, थुंकला आणि मान हलवली: “चांगलं आहे. चांगली फार असतात.”

वर्षातून एकदा मणी विरळताना आमच्या बाया घडातले निम्मे मणी कात्रीने खाली पाडतात. नवीन सून असली तर तिचा हात थबकतो, आणि सासू म्हणते, काप, नाहीतर एकही पोसणार नाही. पण तिथे जातीची शाश्वती असते, मणी थॉमसनचाच असतो. इथे पाडलेला प्रत्येक जण वेगळा होता आणि पुन्हा कधी होणार नाही.

‘हनीक्रिस्प’ची गोष्ट त्यांनी एका मोकळ्या जागेपाशी उभे राहून सांगितली. १९६० साली केलेला संकर, १९६२ला रोप रानात, क्रमांक एमएन १७११. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कडक हिवाळ्यात झाड मार खाल्लेले दिसले म्हणून नोंदवहीत शेरा पडला: टाका. बेडफोर्ड नवीनच आले होते. त्यांच्या लक्षात आले की मूळ झाड होते ती जागाच वाईट, तिथे थंडी जास्त बसते. त्याची कलमे केलेली चार झाडे अजून उभी होती, तीही काढायच्या यादीत. त्यांनी त्या चारांना आणखी काही वर्षे दिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फळे लागली. चावले तर सफरचंद तुटले नाही, फुटले. याच्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत, दात लागताच त्या एकमेकींपासून सुटत नाहीत, स्वतः फुटतात आणि रस उसळतो. १९९१ला जात बाहेर आली, २००६ला मिनेसोटाने तिला राज्यफळ केले.

शेतकऱ्याला मात्र ती छळते. पाने पिवळी पडतात, कॅल्शियम कमी पडून फळावर कडू खड्डे येतात, एक वर्ष भरभरून आणि दुसरे वर्ष रुसलेली. साल इतकी पातळ की शेजारच्या फळाचे देठ टोचते; म्हणून तोडताना प्रत्येक फळाचे देठ कात्रीने खुडतात. आम्ही उभे होतो तिथे दोन मुले तेच करत होती: फळ हातात, कट्, पेटीत. कट्, पेटीत. मजुरीचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

आणखी एक. पेटंटच्या कागदावर हनीक्रिस्पचे आईबाप ‘मॅकून’ आणि ‘हनीगोल्ड’ असे लिहिलेले होते. डीएनए तपासले तर दोघांचाही संबंध नाही! एक पालक ‘कीपसेक’ निघाला, दुसरा सापडेना. २०१७ साली त्याच विद्यापीठातल्या लोकांनी तो शोधला: एमएन १६२७, ‘गोल्डन डिलिशस’ आणि रशियातून आलेली ‘डचेस ऑफ ओल्डनबर्ग’ यांचे अपत्य. त्याला नाव कधी मिळालेच नाही आणि झाड केव्हाच टाकून दिलेले. म्हणजे लेक राज्यफळ, आणि बाप कचऱ्यात.

आपल्याकडे दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांचा ‘रत्ना’ काढला, १९९२ला रत्ना आणि पुन्हा हापूस यांचा ‘सिंधू’, ज्याची कोय पापडासारखी पातळ. त्या दोन नावांमागे किती झाडे तोडली असतील हे मी कधी विचारले नव्हते. कलम आणायला गेलो तेव्हा आम्ही फक्त दर विचारला.

दर इथेही विचारला. हनीक्रिस्पच्या पेटंटवर विद्यापीठाला रोपामागे साधारण एक डॉलर मिळत असे, २००८ला मुदत संपली, आता कुणीही लावावे. पुढची जात काढताना विद्यापीठ शहाणे झाले. ‘स्वीटँगो’ नावाने विकले जाणारे सफरचंद, हनीक्रिस्पचे अपत्य, ठरावीक गटातल्या बागायतदारांनीच लावायचे असा करार झाला. त्यावरून राज्यातले इतर बागायतदार कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, करदात्यांच्या पैशाने काढलेली जात आम्हालाच बंद? हा वाद मला परका वाटला नाही. आमच्याकडेही आता पेटंटच्या द्राक्षजाती आल्या आहेत, करार केल्याशिवाय काडी मिळत नाही, आणि पारावर त्याचे दोन तट आहेत. मी अजून कुठल्याच तटात नाही. नवीन जातीचा मणी चाखला की एका बाजूला जाते, करार वाचला की दुसऱ्या.

परतताना उद्यानाच्या सफरचंद-दुकानात थांबलो. हनीक्रिस्पच्या पिशव्यांपुढे रांग होती. कोपऱ्यात एका टोपलीत लहान, ओबडधोबड, भेगाळलेली फळे होती, तिकडे कुणी फिरकत नव्हते. पाटीवर ‘फ्रॉस्टबाइट’. मुलगा म्हणाला, “काकू, हे घ्याच.” हे कीपसेकचे पालक, म्हणजे हनीक्रिस्पचे आजोबा. एमएन ४४७ या नुसत्या क्रमांकाने ते कित्येक दशके रानात उभे होते. विकण्याजोगे नाही, पण थंडीला दाद देत नाही, म्हणून संकरासाठी ठेवलेले. नाव २००८ साली मिळाले. मी तिथेच पुसून चावले. काकवी! गुऱ्हाळात कढईच्या काठाला जी दाट काकवी राहते आणि पोरे बोटाने चाटतात, तीच. जावयाला आवडले नाही. मी दोन किलो घेतली.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे नैवेद्याला तेच ठेवले, त्याच्या शेजारी माझी केंटकी ब्लूग्रासची जुडी, आता सुकून सुतळीसारखी झालेली. नातीने एका हनीक्रिस्पच्या पाच बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून, डबीत घालून फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या. तीन महिने थंडी दाखवल्याशिवाय त्या उगवत नाहीत हे त्या गृहस्थांनी तिला सांगितले होते. डबीवर तिने स्केचपेनने एक ते पाच आकडे काढले. मी ऑक्टोबरात परतले, गोडी छाटणी दोन दिवस उशिराच झाली.

जानेवारीत, मण्यात पाणी उतरायला लागले होते तेव्हा, तिचा व्हिडिओ कॉल आला. खिडकीबाहेर पांढरेफटक, आत दह्याच्या चार कुंड्या. पाचातल्या चार उगवल्या होत्या. तीन ताठ, एक जरा वाकडी, तिच्या एका पानाला डाग. नातीने कॅमेरा एकेका कुंडीवरून हळूहळू फिरवला.

“आजी, यातलं टाकायचं कुठलं?”

मी वाकडीचा नंबर विचारला. चार. मग म्हटले, ती खिडकीत गारठ्याला आहे का? तिने मागे वळून बघितले, कुंडी उचलली आणि दुसऱ्या टोकाला, हीटरच्या बाजूला नेऊन ठेवली.